दत्तारामकाकांची चतुःसीमा

कुठलंही मूल गोष्ट वाचायला उभं राहिलं, की पहिल्याच वाक्याला दत्तारामकाका हात वर करून त्याला थांबवतात आणि विचारतात, "पूर्वेस काय?"

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. हयात जमिनी मोजण्यात गेली. ज्या वस्तूच्या चारी बाजूंना काय आहे ते सांगता येत नाही, ती वस्तू नाहीच, असं त्यांचं ठाम मत. "चतुःसीमा सांग, मग गोष्ट सांग." खिशात कायम टेप. वहीचा समाससुद्धा मोजतात.

पालीच्या एका शाळेत शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मुलांची लेखन कार्यशाळा घेतो. आम्ही म्हणजे मी आणि काका. बाकीचे स्वयंसेवक फोटोपुरते आले होते. त्यांच्यावर मी वेगळं पत्रक काढणार आहे. पत्रकं लिहिणं हेच माझं काम. रस्ता, पाणी, शाळा. तीन मुद्दे आणि खाली मागणी. मला थांबणं जमत नाही. आणि हा माणूस दोन-दोन तास आधी येऊन शाळेच्या पायरीवर बसतो आणि मग वर्गात सगळ्यांना थांबवतो.

सहावीतल्या सानिकाने वाचलं, "ढगात एक घर होतं."

"पूर्वेस काय?"

"दुसरा ढग."

"कोणाच्या नावावर?"

वर्ग खिदळला. मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. पुढच्या मुलाच्या गोष्टीत राक्षस होता. काकांनी त्याचे शेजारी विचारले.

"राक्षसाला शेजारी नसतात, आजोबा."

"म्हणूनच तसा झाला तो. लिही."

तासाभरात दोन गोष्टी! मी भडकले. "काका, आपण इथे कल्पना शिकवतोय, मोजणी नाही. पुढच्या वेळेपासून ती टेप घरी ठेवा."

"हद्द नसली की कल्पना दुसऱ्याच्या आवारात शिरते गो बाय," काका शांतपणे म्हणाले. पण पुढच्या शनिवारी टेप आणली नाही. हात मात्र वर गेलाच. "पूर्वेस काय?"

मग मी ठरवलं. काकांना येऊ नका म्हणून सांगायचं. तोंडावर सांगताना जीभ अडखळेल म्हणून कागदावर मुद्दे काढले. एक, मुलांचा वेळ जातो. दोन, मुलं बुजतात. तीन, आपण वडीलधारे आहात, तरी. कागद पर्समध्ये घेऊन गेले. कार्यशाळा संपली की द्यायचा.

त्या दिवशी विषय होता 'माझं घर'. मुलं लिहायला बसली. काका हात वर करायची वाट बघत बसले होते, तेवढ्यात सानिका म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण लिहा. नुसतं विचारायचं, हे चालणार नाही."

काकांनी तिच्याकडून कागद मागून घेतला. वाचायची पाळी आली तेव्हा उभे राहिले आणि दस्त वाचावा तशा सुरात सुरू झाले.

"कौलारू घर एक, पडवीसह. राहणार, इसम एक."

"पूर्वेस काय?" अख्खा वर्ग ओरडला.

काका हसले. "पूर्वेस चुलतभावाचं घर. मुंबईस असतात. कुलूप. पश्चिमेस बाळ्याचं घर. गणपतीत उघडतं. एरवी कुलूप. उत्तरेस मुलाने बांधलेलं नवं घर. रंग अजून नवाच आहे. कुलूप."

एवढं वाचून ते बसले.

"आणि दक्षिणेस?" सानिका सोडेना. "तीनच बाजू झाल्या."

काकांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "दक्षिणेस रस्ता," ते म्हणाले. "शनिवारी पहिल्या एसटीने पालीला यायचा."

कोणी हसलं नाही. सानिकाने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शाळेचं कुलूप लावून झाल्यावर काका माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. पर्सच्या तोंडातून माझा कागद डोकावत होता.

"काय गो, आज कोणाविरुद्ध पत्रक?"

मी कागद आत ढकलला. "काका, पुढच्या शनिवारी टेप आणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुठली? पाच मीटरची का तीसची?"

"तीसची."