बुधवारी दोनपर्यंत

ओमानमधल्या हमरिया भागातल्या टायपिंगच्या दुकानात यूनुस दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होता. आज बुधवार, आणि पाऊण वाजला होता. एका भामट्याचा खोटा अर्ज यूनुसनं टाइप केला, एवढ्यावरून बिचारा आठवडाभर कोठडीत जाऊन आला. परवा जामीन मिळाला, पण वकिलानं बजावलं होतं, "जामिनाविरुद्ध अपील करायला सरकारी पक्षाला बुधवारी दोनपर्यंत मुदत आहे. तेवढी टळू दे." आणि गुरुवारी सीब गावी मुनिबाचं, त्याच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न! लेकीच्या निकाहाला बाप कोठडीत, या विचारात त्याचा चहा तसाच गार झाला होता.

तेवढ्यात मजीद नावाचा एक ओमानी कारकून धापा टाकत आत आला. "हमारे ऑफिस में लाइट नहीं, सदीक, मेरे दोस्त. ये टाइप करो. दो बजे खलास!"

यूनुसनं तो अरबीतला कागद वाचला. ते सरकारी वकिलाच्या ऑफिसातलं, जामिनाविरुद्धचं अपील होतं. आरोपीच्या जागी त्याचंच नाव, बापाआजासकट.

"पंद्रह मिनट में देगा!" मालक हुसैनमियाँ गल्ल्यावरून ओरडले. त्यांना अरबी बोलता यायची, वाचता नाही.

"शेठ, हात दुखतोय," यूनुस पुटपुटला.

"काल लग्नाचे टोप उचलत होतास, तेव्हा नाही दुखला?"

आता करावं तरी काय? चुकीचं टाइप करावं, तर नवा गुन्हा. नाही म्हणावं, तर मजीद शेजारच्या दुकानात जाणार. यूनुस एकेक अक्षर शोधत बसला. मग प्रिंटरमध्ये कागद अडकला (आपोआप अडकला, यूनुसनं काही केलं नव्हतं). हुसैनमियाँनी प्रिंटरला एक चापट दिली आणि कागद सुळकन बाहेर! जन्मात पहिल्यांदा त्या मेल्या प्रिंटरनं कुणाचं ऐकलं.

"खाली नाव घातलंस?" पोलीस आले तर त्यांनी मालकाला नेऊ नये, म्हणून टाइप करणाऱ्याचं पूर्ण नाव प्रत्येक कागदावर घालायचा नियम हुसैनमियाँनी याच आठवड्यात काढला होता.

"आजच्या दिवस राहू दे ना, शेठ."

"नियम म्हणजे नियम!"

यूनुसनं नाव घातलं. आता मजीद ओळखणार आणि इथूनच नेणार! पण मजीदनं न वाचताच सही ठोकली आणि कागद घेऊन पळाला. तेव्हा दोनला दहा कमी होते.

यूनुसनं घरी बायकोला फोन लावला. "सफिया, उद्या निकाहात माझ्या जागी भाईजानला उभं कर."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

सव्वादोनला मजीद घामाघूम होऊन परत आला. "वो यूनुस... तुम है?"

यूनुस उठून उभा राहिला. "जी. चलो."

"किधर चलो? कोर्ट की खिड़की पर बोला, ऊपर-नीचे एक ही नाम! आरोपी के खिलाफ अपील आरोपी ने ही बनाया? दूसरा लाओ! इतने में दो बज गया. खलास!"

यूनुस मटकन खाली बसला. त्याला रडू फुटलं. हुसैनमियाँना काही कळेना, ते आपले पाणी घेऊन धावले.

मजीदनं कपाळाला हात लावला. "अब मेरे साहब को अर्जी लिखो. देर कैसे हुआ."

"कारण क्या लिखूँ?"

"लिखो, टाइपिस्ट बहुत स्लो था."

बावीस वर्षांत यूनुसच्या हाताला अशी नावं कुणी ठेवली नव्हती. एरवी तो भांडला असता. आज त्यानं तो अर्ज दोन मिनिटांत टाइप केला आणि 'बहुत'च्या पुढे आणखी एक 'बहुत' पदरचं घातलं.