मी चिडल्याली न्हाय हं!

माझ्या सासूबाई कुणाशीही बोलायला लागल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "मी चिडल्याली न्हाय हं!" मग पुढचं. फोनवरसुद्धा, जिथं तोंड दिसतच नाही!

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्तींच्या डोळ्यांचे बाहेरचे कोपरे कानशिलाकडं असे चढलेले, की त्या साधं "चहा ठेवू का?" म्हणाल्या तरी समोरच्याला आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचं. शाहूपुरीतला भाजीवाला न मागता कोथिंबीर जास्त घालायचा. 'सासू खाष्ट दिसते' म्हणून माझ्या नवऱ्याची दोन-तीन स्थळं मोडली. मला बघायला आल्या तेव्हा मीही पोह्यांचा ट्रे लांबूनच पुढं केला. "पोरी, मी चिडल्याली न्हाय हं," त्या म्हणाल्या, आणि मी सगळ्यांसमोर फिस्सकन हसले. लग्न तिथंच ठरलं. त्या वाक्याचे मी अजून उपकार मानते.

पुढं माझी लेक मनू झाली. आत्ती पाळण्यात वाकल्या आणि तिनं किंचाळून घर डोक्यावर घेतलं. अहो, ती पंख्याला बघूनही रडायची! पण आत्तींनी मनाला लावून घेतलं. मनू झोपली की तिला डोळे भरून बघायच्या, जागी झाली की स्वयंपाकघरात पळायच्या. पाळण्याला लांबच लांब दोरी बांधली आणि भिंतीआड बसून झोके द्यायला लागल्या. "मन्या, मी चिडल्याली न्हाय गं..."

एक दिवस जाहीर केलं, "डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणार. कोपरे खाली घेत्यात म्हणं."

"ह्या वयात कुणाला दावायचंय?" मामंजींनी विचारलं.

"हाय एक नवी पावणी."

डॉक्टरांनी पापणीच्या कडेची चीर, टाके, सूज, सगळं समजावलं. आत्ती म्हणाल्या, "मी चिडल्याली न्हाय हं डॉक्टर. पर अगदीच गरीब गाय करू नगा. भाजीवाल्याला जरा धाक ऱ्हाऊ दे की!"

टाके निघाले, सूज उतरली. कोपरे खरंच खाली आले होते. आत्ती ठेवणीतली साडी नेसून पाळण्यापाशी आल्या, वाकल्या. मनूनं टक लावून बघितलं आणि भोकाड पसरलं.

आत्तींचं तोंड एवढंसं झालं. मागं सरकताना त्या सवयीनं पुटपुटल्या, "मी चिडल्याली न्हाय गं, मन्या..."

रडं थांबलं. मनूनं आधी स्वयंपाकघराच्या भिंतीकडं बघितलं, मग आत्तींच्या तोंडाकडं. आणि दोन्ही हात वर केले.

आत्तींनी तिला उचललं, ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलंच नाही. ती लांब दोरी मी त्याच दिवशी कापून टाकली.