अक्कलदाढेवरचा कर

माणसाचे शरीर एकच असले, तरी त्याची देखरेख एकाच टेबलावरून करणे बेजबाबदारपणाचे आहे, हे सुधारलेल्या राज्यकारभाराचे पहिले तत्त्व होय. म्हणूनच आमच्या 'आरोग्य व दंत विमा देखरेख कार्यालया'त दोन टेबले आहेत. (तिसरे आहे, पण त्यावर पंखा ठेवला आहे.) मी तेथे हेडक्लार्क असल्यामुळे पुढील हकीकत जवळून पाहण्याचे भाग्य मला लाभले.

आरोग्य विम्यावर कर नाही, कारण आरोग्य ही गरज आहे. दंत विम्यावर कर आहे, कारण हसणे ही चैन आहे. इथपर्यंत सगळे सुरळीत होते. पण विमा कंपन्यांनी आपल्या दंत योजनांना रातोरात 'मुखारोग्य योजना' असे नाव दिले आणि कर बुडू लागला. तेव्हा दात कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे ठरवण्याचे काम आमच्या एका निरीक्षकावर आले.

निरीक्षक हुशार. दातांवर त्याने महिनाभर विचार केला आणि शेवटी भाषेचा आधार घेतला. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपले वाडवडील सांगून गेलेच आहेत. त्यानुसार पुढचे बारा दात 'दाखवायचे' ठरले. त्यांवर शोभेच्या वस्तूंचा कर. मागचे सोळा 'खायचे'. त्यांवर अवजारांचा कर. उरल्या चार अक्कलदाढा. त्या दिसत नाहीत आणि चावतही नाहीत. पण नावातच अक्कल असल्यामुळे त्यांवर शिक्षण उपकर बसला. ओठांच्या बाहेरचे सगळे आरोग्य, आतले सगळे दंत, आणि हिरड्या सामाईक भिंतीप्रमाणे दोघांच्या. आमचे उपसंचालक साहेब हे वाचून इतके खूश झाले, की त्यांनी निरीक्षकाला खिडकीजवळची खुर्ची दिली.

या निरीक्षकाला एक आत्या होती. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवले. आत्या बसस्थानकाच्या सूचनाकक्षात होती. गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे माइकवरून सांगण्यात तिचे आयुष्य गेले. तिचा आवाज असा खणखणीत, की निवृत्त झाल्यावरही ती घरात 'चहा झाला' म्हणाली, तर शेजारचे पिशव्या उचलत. भाच्याच्या सांगण्यावरून तिने आरोग्य आणि दंत, अशा दोन्ही योजना घेतल्या होत्या. घरचाच माणूस देखरेखीला आहे म्हटल्यावर काळजी कसली?

एका सकाळी आत्याचा उजवा गाल सुजला. दुसऱ्या दिवशी सूज जबड्यावरून मानेकडे सरकली आणि तोंड चमच्याच्या दांड्याइतकेच उघडू लागले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, की अक्कलदाढेच्या मुळाशी पू झाला आहे, दाढ लगेच काढायला हवी, आणि सूज श्वासनळीपर्यंत गेली तर प्रकरण त्यांच्या हातात राहणार नाही. निरीक्षकाने रीतसर दोन्ही कंपन्यांकडे मंजुरी मागितली. आरोग्यवाल्यांनी कळवले, की दुखण्याचे मूळ ओठांच्या आत आहे, सबब ते दंत. दंतवाल्यांनी कळवले, की सूज ओठांच्या बाहेर आहे, सबब ते आरोग्य. शिवाय अक्कलदाढ शिक्षणात मोडते, तरी शाळेकडे विचारणा करावी. दोन्ही पत्रांत निरीक्षकाचेच नियम इतक्या अचूकपणे उद्धृत केले होते, की मला त्याचा अभिमान वाटला.

मी त्याला हळूच म्हटले, पैसे भरून दाढ काढून टाका आणि विषय मिटवा. तो म्हणाला, तसे केले तर आपणच केलेला नियम चुकीचा होता असे होईल. मला हे पटले. माणसे गेली तरी पुन्हा जन्माला येतात. नियम एकदा गेला की येत नाही.

तक्रार आमच्याच कार्यालयात दाखल झाली आणि तातडीची बाब म्हणून सुनावणी दुसऱ्याच दिवशी लागली. तक्रारदार आपली आत्या असल्याचे निरीक्षकाने लेखी कळवले. साहेबांनी शेरा मारला, की नाते रक्ताचे आहे आणि वाद दाताचा, हरकत नाही.

आत्या आली तेव्हा तिने गालाला मफलर बांधला होता. डोळे तापाने लाल झाले होते. ती भाच्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. निरीक्षक फाइलकडे पाहत राहिला.

"तक्रारदाराने आपले म्हणणे तोंडी मांडावे," साहेब म्हणाले.

आत्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला. घशातून काहीतरी आले, पण शब्द आला नाही. साहेबांनी नियमाप्रमाणे थोडा वेळ वाट पाहिली. मग मला सांगितले, "लिहा. तक्रारदार हजर. तक्रारदाराचे काही म्हणणे नाही."

मी लिहिले. अक्षर चांगले आले होते.

निरीक्षक उठला तो तेव्हाच. त्याने आत्याच्या काखेत हात घातला, तिला जिना उतरवून खाली नेले आणि रिक्षात बसवले. (त्या अर्ध्या दिवसाची रजा अद्याप मंजूर झालेली नाही.) डॉक्टरीणबाईंनी पू काढला, दाढ काढली आणि आणखी एक दिवस गेला असता तर काय झाले असते, ते त्याला बाजूला घेऊन सांगितले. तो बाहेरच्या बाकावर बसून रडला, असे तिथला कंपाउंडर म्हणतो.

तोंड उघडायला लागल्यावर आत्या त्याला एवढेच म्हणाली, "तुला पहिला दात आला तेव्हा तू चार रात्री माझ्या खांद्यावर किंचाळत होतास रे. कुठल्या टेबलाचं काम आहे, असं मी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक कार्यालयात आला, तो वेगळाच माणूस. दुपारपर्यंत त्याने नवा प्रस्ताव लिहिला: दात हा शरीराचाच भाग आहे, दोन योजनांत फरक करणे अन्यायाचे आहे, दोन्हींना एकच नियम आणि एकच कर असावा. तो घेऊन तो साहेबांकडे गेला. राजीनामा त्याने खिशात तयार ठेवला होता.

साहेबांनी प्रस्ताव दोनदा वाचला. मग चष्मा काढला आणि त्याला मिठी मारली. इतकी वर्षे आरोग्य विम्याला हात लावायला कोणी धजावत नव्हते. आता न्यायाच्या नावाने तोही दंत विम्याइतकाच कर भरणार होता. वाजवी कर म्हणजे सर्वांना परवडणारा कर नव्हे, तर सर्वांना सारखाच न परवडणारा, हे साहेबांनी त्याच टिपणावर लिहिले. निरीक्षक म्हणाला, "साहेब, मला तसं म्हणायचं नव्हतं." साहेब म्हणाले, "मोठ्या सुधारणा अशाच होतात." राजीनामा खिशातच राहिला, घरी आत्याची औषधे चालू होती.

प्रस्तावावर नागरिकांच्या हरकती मागवल्या. सूचना सर्व विमाधारकांच्या मोबाइलवर पाठवली. आलेली हरकत एकच, आत्याची. ती कार्यालयात येऊन पूर्वीच्या खणखणीत आवाजात बोलून गेली, इतकी की रस्त्यावरची माणसे थांबली. पण आता तोंडी हरकत चालत नाही.

बाकी सर्वांनी सूचना उघडली, खाली सरकवली आणि 'वाचले, समजले, मान्य आहे' यावर बोट ठेवले. त्यांत तुम्हीही होता. मागच्या महिन्यात, बहुधा जेवताना. सहकार्याबद्दल कार्यालय आपले आभारी आहे.