मिरचीच्या गोदामातली लाल गाडी

या, जरा पुढे सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोहोचायचा नाही, आणि आज साथीला पेटीही नाही. देव माणसांना एकत्र बसवण्यासाठी कधी पोथी पाठवतो, कधी प्रसाद. नंदुरबारात त्याने एकदा गाडी पाठवली, आणि तीही बिघडलेली. तिचीच गोष्ट सांगतो.

हुकमीचंदशेठ मिरचीचे व्यापारी. पत्नी बदामबाई गेल्या तेव्हापासून घरात एकटे. मुलगा पुनीत आधी पुण्यात कमवायचा, तेव्हा हातात पैसा खेळू लागला म्हणून त्याने एक जुनी इटालियन गाडी घेतली होती. दोन दारांची, लालभडक, बसकी, इंजिन पाठीमागे. पुढे त्याला कॅनडात नोकरी लागली आणि गाडी वडिलांच्या गोदामात येऊन राहिली. चारी बाजूंनी मिरचीची पोती, मध्ये ती लाल गाडी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तीही सुकायला ठेवली आहे असंच वाटे.

अशा गाडीची सेवा देवापेक्षा कडक. आठवड्यातून एकदा चालू केली नाही, तर बॅटरी मरते. म्हणून दर रविवारी संध्याकाळी पुनीतचा व्हिडिओ कॉल यायचा. बापलेक मारवाडीत बोलत, मी आपलं मराठीत सांगतो.

"बापूजी, गाडी चालू केली?"

"करतो ना. ऐक." शेठ इंजिनाजवळ फोन धरत. तिकडे पुनीत डोळे मिटून आवाज ऐके.

"छान आहे. ठेवू?"

"थांब, टायर दाखवतो. मागचं जरा बसल्यासारखं वाटतंय."

टायर दाखवून झालं की शेठ आरसे दाखवत, मग दारं, मग काटे. दाखवण्यासारखं सगळं संपलं की फोन संपे. मग शेठनी युक्ती काढली. आठवड्यात सापडलेला बिघाड ते रविवारसाठी राखून ठेवू लागले. इंजिनाखाली तेलाचा थेंब दिसला, की दुसरा माणूस कपाळाला हात लावेल. शेठचा चेहरा उजळे. एवढा थेंब म्हणजे फोनवरची पाच मिनिटं तरी जास्तीची.

एका रविवारी पुनीतच म्हणाला, "बापूजी, गाडी विकून टाकू. ठेवण्यातच निम्मी किंमत गेली. आता इंजिनाचा पट्टा बदलायची वेळ आली, तो खर्च परवडणार नाही. म्हसावदचे एक हिंमतराव आहेत, पपईचे मोठे शेतकरी. येत्या रविवारी बघायला येतील."

"वीक की," शेठ म्हणाले. फोन ठेवला आणि बराच वेळ त्या गाडीशेजारी पोत्यावर बसून राहिले. गाडी गेल्यावर रविवारी काय दाखवायचं, हे त्यांना सुचेना. स्वतःचा गुडघा दाखवावा, तर त्याचा पट्टा बदलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीची तपासणी करायला नासिरभाई आले. शहरातले जुने ऑटो इलेक्ट्रिशियन, शेठचे रोजच्या चहाचे सोबती; दोघांचं बोलणं अहिराणीत. त्यांनी मागचं झाकण उघडलं, हवेच्या फिल्टरचा डबा काढला आणि थबकले.

"शेठ, आठे तर बाळंतपण व्हयेल शे."

डब्यात उंदरीण होती. फिल्टरचा कागद कुरतडून तिने गादी केली होती आणि गादीवर गुलाबी पिलं वळवळत होती.

शेठनी हात जोडले. "झाकण लाव, नासिरभाई. पिलं मोठी व्हई जातीन तवलोंग गाडी चालू करनी नही."

"आनि रविवारे गिऱ्हाईक येस तेनं काय?"

"तेले सांगू, घरमा सुतक नही, सुवेर शे."

शेठ जैन. मुंगीला साखर घालणारं घर. उंदरीण गरम इंजिनावर भाजून मरावी, हे त्यांच्या हातून होणं शक्यच नव्हतं. पण खरं सांगायचं तर या वेळी धर्म आणि मनातली इच्छा एकाच बाजूला बसले होते, आणि असा योग आयुष्यात फार थोड्या वेळा येतो. त्यांनी आनंदाने पुनीतला फोन लावला. पुनीत वैतागला. "बापूजी, असं गिऱ्हाईक परत मिळणार नाही. काहीतरी करा, पण गाडी रविवारी चालू झाली पाहिजे."

मुलाचा शब्द. शेठ पुन्हा नासिरभाईंकडे वळले. "तिना जीव नही जावाले पाहिजे, आनि ती जावाले बी पाहिजे. असा काही इलाज शे का?"

"शे ना. चिमूटभर मिरचीपूड टाकी द्या. वास ऊना का पिलं उचली ती सोताच घर बदलस. आनि मिरची तुमले कोठे इकत आननी शे?"

चूक इथे झाली, आणि ती नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापाऱ्यालाच होऊ शकते. नासिरभाई म्हणाले चिमूटभर. शेठनी जन्मात चिमटीत मिरची धरली नव्हती. त्यांच्या मापाची सुरुवातच सुपापासून. त्यांनी फिल्टरच्या आजूबाजूला मिरचीपूड पसरली. मग वाटलं, उंदरीण मागून निघून पुढे शिरली तर? म्हणून काचेखाली हवेची जाळी होती, तिच्यातही दोन ओंजळी ओतल्या. उंदरिणीने रात्रीतून पिलं हलवली ती थेट शेठच्या गादीवरच्या लोडात. शेठ आठवडाभर गादी सोडून फरशीवर बसून व्यापार करत होते. येणाऱ्यांना वाटलं, नवस असेल.

रविवारी हिंमतराव आले. पांढरे कपडे, भारदस्त मिशा, सोबतीला कोणी नाही. नासिरभाई दाराशी उभे. पुनीत फोनवर हजर. शेठनी फोन गाडीच्या आतल्या पुढच्या फळीवर टेकवून ठेवला. शेठ आयुष्यभर मालाबद्दल खोटं बोलले नव्हते, आणि आज खरं बोलण्यात त्यांना विशेष गोडी वाटत होती.

"हाई गाडी चांगली नही शे, हिंमतराव."

"काय व्हयनं तिले?"

"पट्टा बदलना व्हई ते पुरं इंजिन भाईर काढनं पडस."

"मोठी गाडी, मोठं काम. पुढे?"

"तेल गळस."

"मन्हं छप्पर बी गळस. पुढे?"

"आतली बटनं चिकट व्हई जायेल शेतस. बोट लावं का बटन बोटले सोडत नही."

"मन्हा भाऊ बी असाच शे. पुढे?"

"पार्ट इटलीथाईन येतस. येतस म्हनजे, येतीन असं म्हनतस."

फोनमधून पुनीत कळवळून म्हणाला, "बापूजी, प्लीज."

हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "शेठ, तुम्ही मिरचीले बी असाच नावं ठेवतस का?"

"मिरची माले इकनी ऱ्हास."

"मंग गाडी?"

शेठ बाहीने गाडीचा आरसा पुसू लागले. हिंमतरावांनी मनात हिशेब केला. मिरचीचा व्यापारी स्वतःच्या मालाला इतकी नावं ठेवतो, म्हणजे माल चोख आहे आणि त्याला तो द्यायचा नाही. त्यांनी दार उघडलं आणि आत बसले. बसले म्हणजे पडले. ती बैठक इतकी खाली की बसणाऱ्याचे गुडघे कानाशी येतात आणि बाहेर निघायला दुसऱ्याचा हात लागतो. शेठही शेजारी पडले.

हिंमतरावांनी किल्ली फिरवली. जी गाडी शेठकडे थोडी मनधरणी केल्याशिवाय कधी चालू झाली नव्हती, ती पहिल्या फटक्यात गरजली. मृदंगावर पहिली थाप पडावी तशी. पुनीत तिकडे खूश झाला. "एसी लावून बघा, काका. एकदम थंड आहे."

"लावू नका," नासिरभाई दारातून ओरडले. काचेखालच्या जाळीतली लाल पूड त्यांना आत्ताच दिसली होती.

पण हिंमतरावांचं बोट बटणाला चिकटलं होतं.

आधी एक खोकल्यासारखा आवाज आला. मग जाळीतून लाल ढग निघाला. गुलाल उधळावा तसा, पण तिखट. शेठ शिंकले. हिंमतराव शिंकले. काच खाली घ्यायला बटण दाबलं, ते अर्ध्यावर अडकलं. हिंमतरावांनी डोळे चोळले, आणि चिकट बोटावर चढलेली मिरची जिथे जायला नको तिथेच गेली. दोघेही दारं उघडून बाहेर पडायला धडपडू लागले, पण हात द्यायला नासिरभाईच, आणि नासिरभाई शिंकांनी दुमडले होते.

"बापूजी? बापूजी, तुम्ही रडताय का?" फोनमधून पुनीतचा आवाज बदलला होता.

"मिरची रे, बेटा."

"नक्की?"

"नक्की."

तेवढ्यात फोन घसरून सीटखाली गेला आणि बंद झाला.

नासिरभाईंनी कसंबसं दोघांना ओढून काढलं. पाण्याच्या बादल्या आल्या, तोंडं धुतली गेली. शेठचे डोळे निवले. हिंमतरावांचे मात्र थांबेनात. पोत्यावर बसून तो दांडगा माणूस हुंदके देत होता.

"आजून झोंबस का? दूध लई येऊ?" शेठनी विचारलं.

हिंमतरावांनी नकारार्थी मान हलवली. "मिरची कवयच उतरनी, शेठ. मन्ही बायको कोकिळा गई तवयपाईन माले रडूच ऊनं नही. लोके म्हनेत, हिंमतराव म्हनजे हिंमतराव. आज आयतंच घडनं, ते म्हननू रडी ल्यू."

शेठ त्यांच्याशेजारी टेकले. पाठीवर हात ठेवला. नासिरभाईंनी गुपचूप गोदामाचं दार लोटून घेतलं, म्हणजे रस्त्यावरून कोणी पाहू नये.

उठताना हिंमतराव म्हणाले, "गाडी मी लेस." शेठजवळ नाही म्हणायला काहीच उरलं नाही. दोन दिवसांत सपाट ट्रकवर चढून लाल गाडी म्हसावदला गेली. गोदामात तिच्या जागी तेलाचा एक काळा डाग राहिला. शेठ तो पुसू देईनात.

पुढचा रविवार. शेठनी फोन चार्ज करून ठेवला, समोर ठेवला. चहा केला. चहा निवला. फोन वाजला नाही. दिवेलागणीला वाजला, तो हिंमतरावांचा. "शेठ, चालू व्हत नही."

त्याच्या पुढच्या रविवारी शेठ एस.टी.ने शहाद्यावरून म्हसावदला गेले. किल्ली अर्धी फिरवायची, पंपाची गुणगुण थांबेपर्यंत वाट पाहायची, मग पुरी फिरवायची, एवढंच ते गुपित. पोरालाही एकदा सांगून समजावं. पण हिंमतराव दर आठवड्याला विसरायचे आणि शेठ दर आठवड्याला सांगायला जायचे. गाडी चालू झाली की दोघं त्या बसक्या बैठकीत चहाचे पेले घेऊन बसत. गाडी नेत कुठेच नसत. गतिरोधक आला की तिचं पोट घासतं.

एकदा असेच बसले असताना हिंमतराव म्हणाले, "शेठ, तुमना पोऱ्याना फोन येस माले. दर रविवारे, तुम्ही जातस तेना मांगे."

"गाडीनं इचारस व्हई."

"पहिले गाडीनं इचारस. मंग इचारस, बापूजी ऊनतात का, गुडघा कसा शे, तोंड उतरेल ते नव्हतं. मी म्हननू, भो, हाई तू बापलेच इचार ना. ते म्हने, काका, कसाना नावे फोन करू, गाडी ते इकी टाकी."

शेठनी चहाचा पेला पुढच्या फळीवर ठेवला.

"मी बी काय सांगू तेले, हिंमतराव?"

"सांगा, गाडी बंद पडनी."

"खोटं?"

"खोटं कसाले? हाई गाडी आते बंद करस, परत चालू करस. चालू व्हवाव नही, मन्ही गॅरंटी." हिंमतरावांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि काही न पाहता, न थांबता पुन्हा एकदम फिरवली.

गाडी चालू झाली. ना खोकली, ना अडली. इतक्या वर्षांत गुणगुणली नव्हती इतकी गोड गुणगुणू लागली. हिंमतरावांनी पुन्हा बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा चालू.

"हाई गाडी खरंच चांगली नही शे," हिंमतराव म्हणाले.

शेठनी हात पुढे करून स्वतःच किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. त्यांनी फोन काढला, नाव शोधलं आणि दाबलं. तिकडे सकाळ असावी. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बापूजी? गाडीला काय झालं?"

"गाडीला काही नाही झालं रे," शेठ म्हणाले. "सहज केला."

पुढचं बापलेकाचं बोलणं, ते आपण ऐकायचं नाही. हिंमतरावही उतरून बागेत गेले, कोणाचा हात न घेता; कसे निघाले त्यांचं त्यांना ठाऊक. आता उठताना माझं एकच मागणं आहे. ज्याला फोन करायला तुमच्याजवळ काहीही कारण उरलेलं नाही, असा एक माणूस घरी जाईपर्यंत आठवा.