मनकर्णामाय चार वेळा पडली

"माय, आज पाहुणे येऊन राहिले. तू फक्त गुमान बस," मनकर्णामायच्या मनगटावर पट्टा बांधत देवमनने बजावलं.

तरुणपणी देवमनने अकोटला गरिबांची वसाहत उभी केली, मग तिथल्याच बायकांना मांडे, म्हणजे मडक्यावरच्या पातळ पोळ्या, करून विकायचं केंद्र काढून दिलं, आणि आता तो अकोल्यात आरोग्याची यंत्रं करत होता. एक काम उभं राहतं न राहतं तोच त्याला दुसऱ्याची हुक्की यायची. हा पट्टा मात्र त्याने जीव ओतून केला होता. गेल्या उन्हाळ्यात याच केंद्रातली, वसाहतीत एकटी राहणारी मनकर्णामाय न्हाणीत घसरून दुपारपर्यंत तशीच पडून होती, ते त्याच्या मनातून जात नव्हतं. आता माणूस पडलं की पट्टा देवमनच्या फोनवर ओरडणार होता आणि रुग्णवाहिकाही बोलावणार होता. मुंबईच्या पाहुण्यांनी पैसे द्यायला होकार दिला, तर गावोगावच्या एकट्या म्हाताऱ्यांना तो फुकट मिळणार होता.

पाहुण्यांना उशीर झाला. इकडे केंद्रात लग्नाच्या ऑर्डरचे मांडे खोळंबलेले. मनकर्णामायला कुठला दम निघतो! ती उठली आणि सैल कणीक दोन्ही हातांवर आपटून झुलवू लागली. मांडा पालथ्या मडक्यावर पडला, आणि वसाहतीच्या तोंडाशी पाहुण्यांना चहा पाजणाऱ्या देवमनचा फोन किंचाळला, 'मनकर्णा पडल्या.' दुसरा, तिसरा, चौथा मांडा झाला, आणि दर वेळी फोन तेच ओरडला, 'मनकर्णा पडल्या.'

"अहो, त्या सारख्याच पडताहेत!" मुंबईच्या मॅडम घाबरल्या.

रुग्णवाहिका आली ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली. "गल्ली हाय का बोगदा? कोनं काढला हा नकाशा?" ड्रायव्हर ओरडला. दोन घरं जास्त बसावीत म्हणून गल्ली देवमननेच आवळली होती. त्याने पुढे होऊन स्ट्रेचर खाली ओढलं. स्ट्रेचर घेऊन सगळे पळत सुटले.

केंद्रातली माया हसून हसून बेजार झाली. "पडली कोन? माय तं मांडे करून राहिली!"

देवमनचा चेहरा उतरला. मांडा आपटतानाच्या हाताच्या झटक्यालाच पट्टा पडणं समजला होता; तो त्याने फक्त कॉलेजच्या पोरांवर तपासला होता. याच केंद्रात तो कितीतरी दिवस बसला, पण फायलींत डोकं घालून. या बायकांच्या हातांकडे त्याने कधी धड पाहिलंच नव्हतं, आणि त्याची त्याला आता फार लाज वाटली.

"म्हणजे पट्टा चुकला?" मॅडमनी विचारलं.

मनकर्णामायने देवमनच्या तोंडाकडे पाहिलं. "नाई वो बाई, खरंच पडली मी. मायाले काय मालूम!"

"चार वेळा?"

"उठाले गेली का पडत होती ना!" असं म्हणून ती पिठाच्या हातांनी आपणहून स्ट्रेचरवर आडवी झाली.

"काय अचूक आहे हो! आमचा होकार समजा," मॅडम म्हणाल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

स्ट्रेचर उचललं, तसा देवमन वाकला. "माय, कावून खोटं बोलली वं?"

"तुहं हे तरी काम पुरं होऊ दे बावा. अन् मायाले सांग, मांडे करपतीन."

उद्या हाच पट्टा गावोगाव उठसूट ओरडणार होता, आणि कुणी खरंच पडलं तर मांडेच होत असतील असं समजून कुणी धावून जाणार नव्हतं. हे सांगून टाकायला देवमनने तोंड उघडलं. सगळे त्याच्याचकडे बघून टाळ्या वाजवत होते. त्याने तोंड मिटलं आणि तोही वाजवू लागला.