विमलबाईंची डावी बाजू

विमलबाई चालताना डावीकडे एका माणसाची जागा रिकामी ठेवतात आणि त्या जागेशी बोलतात.

अमरावतीत आमच्या कॉलनीच्या मैदानावर हे रोज सकाळी घडतं. थंडीत धुकं असतं. आधी आवाज येतो, मग पांढरे बूट दिसतात, मग साडी. "कावून वं, पाय उचल! पंगतीत तं समद्यायच्या पुढं बसे." मग उत्तराइतकी शांतता. मग हसणं. समोरून येणाऱ्या बायका परत फिरतात. एकीने मैदानाच्या फाटकाला लिंबू-मिरची बांधली. विमलबाईंनी ती सोडून घरी नेली. "मिरची ताजी होती," म्हणाल्या.

बोलण्याला वैद्यकीय आधार आहे. पाळी गेल्यावर त्यांचं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, इतकं भरभर चाला की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. घरात दुसरं माणूस नाही. बोलायला त्यांनी धाकटी जाऊ निवडली. शांताबाई. त्या मागच्या पोळ्याला वारल्या.

तरी बीपी उतरेना. आता उतरलं नाही तर आईला कायमचं अकोल्याला आणायचं, असं तिथे राहणाऱ्या मुलाने ठरवलं. विमलबाईंची हरकत एकच होती : "शांता तिकडं कशी येईन?"

मुलाने मला फोन केला. "काका, आई खरंच चालते का, पाहा ना."

मी गेलो आणि त्यांच्या डावीकडे चालू लागलो.

"उजवीकडून या, भाऊ. तिकडं जागा नाही."

पहिल्या फेरीत मला धाप लागली. दुसऱ्या फेरीत त्या हळू झाल्या. इतक्या, की मला गाणंही म्हणता आलं असतं.

"वहिनी, अशानं बीपी कसं उतरेल?"

"तिले दम लागते."

"पण त्या तर..."

"मले मालूम हाये. अखेरची आंघोळ मीच घातली तिले. जिती होती तं रोज म्हणे, बाई, मलेबी ने. मी म्हणो, तू हळू चालतं, माहं चालणं बुडते."

"अकोल्याला गेलात तर हेही बुडेल."

त्या थांबल्या. डावीकडे बराच वेळ पाहिलं. मग सिमेंटच्या बाकावरचं दव पदराने पुसलं.

"शांते, तू बस इथं. मी येतो."

आणि सुटल्या. बोलणं बंद. धुक्यात फक्त बुटांचा आवाज. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला, ओल्यावर बसलो.

वळसा घालून त्या आल्या, घामाने भिजलेल्या. न थांबता बाकाकडे वळून म्हणाल्या, "कटाळली तं नाही न?"

त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"नाही," मी म्हणालो.