दुपारची उसवण

पडद्यावर ‘अपग्रेड करण्यासारखं काही नाही’ असं आलं की रूटसाहेबांचं तोंड पडत असे. कीबोर्डाच्या दोन्ही बाजूंना हात टेकून ते तसेच बसून राहत, पंगत उठून गेली तरी वाढप्याची वाट बघणाऱ्या माणसासारखे. पाच मिनिटांनी पुन्हा तीच कमांड देत. पुन्हा शून्य. मग उठून कपाटातून ऑफिसची बॅग काढत आणि स्वतःच्या बायकोला विचारत, “बाई, इथून ऑफिसला कुठून जातात?”

रूटसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या ऑफिसातली सगळी मशीनं एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. लिनक्स नावाच्या प्रणालीवर ज्या खात्याला सगळं करण्याची मुभा असते त्याला रूट म्हणतात, म्हणून हाताखालच्यांनी ठेवलेलं हे नाव. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं त्यांचं डोकं भाडेकरूने घर सोडावं तसं एकेक खोली रिकामी करत चाललं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग आठवड्याचे वार गेले, आणि आता मधूनमधून वहिनीही जात. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळं ऑफिस त्यांना वहिनी म्हणायचं, म्हणून पुढे गल्लीही म्हणू लागली. त्या विसरल्या गेल्या की साहेब त्यांना ‘बाई, तुम्ही’ म्हणत आणि फार अदबीने वागत. तीस वर्षांच्या संसारात एवढी अदब वहिनींच्या वाट्याला कधी आली नव्हती. आली ती अशी.

एक गोष्ट मात्र जात नव्हती, ती म्हणजे चार वाजताचं अपग्रेड. घरचं मशीन लावायचं, कुठल्या पॅकेजची, म्हणजे मशीनवर बसवलेल्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती आली आहे ते पाहायचं, एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि मगच खालच्या प्रश्नाला हो म्हणायचं. “न वाचता हो म्हणतो तो मशीनचा वैरी,” असं ते प्रत्येक वेळी बजावत. तेवढा पाऊण तास ते पूर्वीचे असत. पाठ ताठ, चष्मा कपाळावर. काम संपलं की “झालं एकदाचं!” म्हणून हात झटकत आणि संध्याकाळ सुखाची जाई.

पंचाईत अशी, की नवीन आवृत्त्या काही रोज येत नाहीत. त्यातून मशीन म्हातारं. म्हाताऱ्याला कोण कशाला काही पाठवतंय?

गेल्या हिवाळ्यात मशीन दोन दिवस दुरुस्तीला गेलं होतं. दुसऱ्या दिवशी वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आल्या तर दार सताड उघडं. साहेब सापडले ते जुन्या ऑफिसच्या फाटकाशी. पहारेकरी नवा होता. साहेब त्याला समजावत होते, “अरे बाबा, आत मशीनं खोळंबलीयत.” मधे दोन मोठे चौक होते. ते त्यांनी कसे ओलांडले हे त्यांनाही सांगता आलं नाही, आणि वहिनींना त्यानंतर महिनाभर झोप आली नाही.

त्यावर तोड काढली बॅकअपने. बॅकअप म्हणजे वीस वर्षं साहेबांच्या हाताखाली असलेला दुय्यम. अजून नोकरीत होता आणि अजून दुय्यमच होता.

“वहिनी, रोज काहीतरी येईल असं करता येतं,” तो म्हणाला. “नवं पॅकेज काढायचं, जुनं बसवायचं. जुन्या फायली मशीनच्या पोटात पडलेल्या असतात. मग चार वाजता मशीन आपलं म्हणतंच, नवं आलंय, घ्या.”

“म्हणजे शिवलेलं उसवून ठेवायचं.”

“अगदी तेच.”

वहिनींचा धंदाच तो. लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देण्यात त्यांची हयात गेली होती. शिवायला कुणीही शिकतं, पण उसवायला हात हलका लागतो. बॅकअपने लिहून दिलेली कमांड त्यांनी शिलाई मशीनवर टाचून ठेवली. पासवर्ड साहेबांना आता सांगता येत नसे. बोटांना तेवढा येई, म्हणून वहिनी तो बोटांवरूनच शिकल्या, जशी एखादी वीण शिकतात. साहेब दोन ते साडेतीन झोपत. तेवढ्यात वहिनी रोज दोन-चार टाके उसवत. कधी कॅल्क्युलेटर, कधी अक्षरांचे साचे, कधी पत्त्यांचा खेळ. पत्त्यांचा खेळ तर आठवड्यातून तीनदा नवा होई.

“हे पत्तेवाले फार कष्टाळू हं,” साहेब कौतुकाने म्हणत. “नाहीतर आमचा बॅकअप!”

असे सात महिने गेले.

मग तो मंगळवार आला. त्याआधीचे तीन दिवस वाईट गेले होते. साहेबांनी वहिनींना एकदाही ओळखलं नव्हतं, आणि सोमवारी तर त्यांना जेवणाचे पैसे द्यायला निघाले होते. वहिनींना वाटलं, आज यांना भरपूर काम द्यावं. पाऊण तासाचं नाही, दोन तासांचं. जुन्या फायलींच्या यादीत त्या शोधू लागल्या आणि एक नाव नजरेस पडलं: लिब-सी. इतर नावं हातभर लांब, हे एवढंसं. वहिनींना वाटलं, चिल्लर दिसतंय. चिल्लर आहे म्हणजे निरुपद्रवी. आधी हे उसवू, मग मोठ्यांकडे वळू.

मशीनने लांबलचक यादी दाखवली. वहिनींनी ती वाचली नाही. मग मशीनने असं काही विचारलं, जे सात महिन्यांत कधी विचारलं नव्हतं. नुसतं हो चालणार नाही, म्हणे. पुढे जायचं असेल तर अख्खं वाक्य लिहा: ‘होय, मी सांगते तसं कर!’

हे वाक्य वहिनींनी उभ्या आयुष्यात कुणालाही म्हटलं नव्हतं. वडिलांना नाही, नवऱ्याला नाही, गिऱ्हाइकांना तर नाहीच. त्यांनी ते इंग्रजीतून एकेक अक्षर शोधत लिहिलं, उद्गारचिन्हासकट, आणि त्यांना फार बरं वाटलं.

मशीनने सांगितलं तसं केलं. ओळी धो धो खाली पळाल्या. मग खिडक्या गेल्या, चित्रं गेली, घड्याळ गेलं. काळ्या पडद्यावर माउसचा बाण तेवढा उरला, तोही जागचा हलेना.

वहिनींनी मोरीत जाऊन, दार लावून बॅकअपला फोन केला.

“काय उसवलंत?” बॅकअपने विचारलं.

“लिब-सी का काहीतरी. लहानसंच होतं हो.”

“वहिनी, प्रत्येक प्रोग्राम त्याच्यावर चालतो. पाणी आहे ते. तुम्ही गच्चीवरची टाकीच उचलून नेलीत.”

“परत ठेवता येईल ना?”

“कसं ठेवणार? ठेवायला लागणारी हत्यारंही त्याच्यावरच चालतात. सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल. मी रविवारी येतो.”

“आज मंगळवार आहे भाऊजी.”

“इथेही आज मशीनं बंद पडलीयत, वहिनी. माझाही जीव तुटतोय. पण रविवारच्या आत नाही जमायचं.”

रविवारपर्यंत पाच दिवस. गेल्या खेपेला दोनच दिवस होते. वहिनींनी बाहेर येऊन आधी दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

चार वाजता साहेब येऊन खुर्चीत बसले. काळा पडदा पाहिला. वहिनी मागे उभ्या होत्या, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून.

“कोणी हात लावला?” साहेबांनी विचारलं.

“कुणी नाही. आपोआप झालं.”

“आपोआप काही होत नसतं, बाई.” आवाज जुना होता, ऑफिसातला. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातल्या एकाही किल्लीला आता कुलूप उरलं नव्हतं, पण एका कडीला पेनड्राइव्ह होता. मशीन आपल्या पायावर उभं राहत नसेल तर त्याला तात्पुरत्या कुबड्या द्यायच्या, आत शिरायचं आणि मोडलेलं हाड बसवायचं, असा तो बेत. मशीन कुबड्यांवर उभं राहिलं. वहिनींचे हात खुर्चीवरून सुटले.

पण वीसेक मिनिटांनी साहेबांची बोटं थांबली. ते पडद्याकडे बघत राहिले. मग मागे वळून हळूच म्हणाले, “काय चाललं होतं हो?”

“लिब-सी मोडलंय,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही पेनड्राइव्हवरून मशीन उठवलंत. आता आतली डिस्क जोडताय.”

“बरोबर.” बोटं पुन्हा सुरू झाली.

पुढचे तीन तास असेच गेले. डोकं दर वीस मिनिटांनी मागे राही आणि वहिनी त्याला बोट धरून पुढे आणून सोडत. आतली डिस्क जोडून झाली. आता नवीन लिब-सी बसवताय. बसलं. आता निघून गेलेली एकशे साठ पॅकेजं परत बोलावताय. वहिनी पडद्यावरचं सगळं पाठ करत होत्या. अर्थ निम्म्याचा कळत होता, पण क्रम चुकत नव्हता.

“तुम्ही हुशार आहात,” मधेच साहेब म्हणाले. “नवीन लागलात का?”

“बरीच वर्षं झाली.”

“कोणी घेतलं तुम्हाला?”

“तुम्हीच. घरी येऊन बघून गेलात. दहा मिनिटं बसलात.”

“आणि लगेच घेतलं?”

“कुठलं! ‘कळवतो’ म्हणालात. आठ दिवस जीव टांगणीला.”

“चुकलंच,” साहेब मनापासून म्हणाले. “चांगलं माणूस आठ दिवस ताटकळत ठेवू नये.”

वहिनी पाणी आणायला म्हणून आत गेल्या आणि जरा वेळाने आल्या.

परत आल्या तेव्हा साहेब नोंदी वाचत होते. मशीनवर काय बसवलं, काय काढलं, कधी, याची एक फाइल मशीन आपणहून लिहून ठेवतं, हे बॅकअप सांगायला विसरला होता.

“बाई, इकडे या. हे बघा. दोन वाजून दहा मिनिटं, कॅल्क्युलेटर मागे. दोन वीस, पत्ते मागे. काल, परवा, तेरवा. सात महिने. रविवारचीसुद्धा सुट्टी नाही. कोणीतरी रोज आत येतंय.”

“चोर असेल,” वहिनी म्हणाल्या.

“चोर काहीतरी नेतो. हा काही नेत नाही. रोज जुनं आणून ठेवतो आणि निघून जातो.” साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “असला चोर मी एकतीस वर्षांत पाहिला नाही.”

“मग येऊ दे की. काही नेत नाही तर.”

“येऊ दे कसं? आज पाया उखडला, उद्या घर पाडेल. बंदोबस्त करावा लागेल.”

“कसला बंदोबस्त?”

“ते मी बघतो. तुम्ही जरा बाहेर थांबा. रूटचं काम चालू असताना मागे उभं राहायचं नसतं.”

वहिनी स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. कीबोर्डाचा आवाज येत होता, सावकाश, मधे थांबत. पासवर्ड बदलतायत, त्यांना कळून चुकलं. नवा पासवर्ड उद्या साहेबांच्याही लक्षात राहणार नाही आणि त्यांच्या बोटांनाही तो माहीत नसेल. मग मशीन बंदच. साहेबांच्या डोक्यातली एकच खोली वहिनींनी आपल्या हाताने उघडी ठेवली होती, तिलाही आज आतून कडी लागत होती. जाऊन ‘अहो, मीच ती’ म्हणावं असं दोनदा मनात आलं. पण मग ते सात महिन्यांचं अपग्रेड, ते हात झटकणं, सगळंच लुटुपुटूचं होतं हे त्यांना कळणार. कळून विसरतीलही, पण ती मधली पाच मिनिटं वहिनींना बघवली नसती.

आवाज थांबला. वहिनी आत आल्या. “काय केलंत?”

“कशाचं?” साहेब म्हणाले. ते फार दमलेले दिसत होते. “भूक लागलीय.”

दुसऱ्या दिवशी दोन वाजता साहेब झोपल्यावर वहिनी मशीनसमोर बसल्या. जुना पासवर्ड घातला. चालला.

विश्वास बसेना म्हणून त्यांनी एक मोठंसं पॅकेज मागे न्यायला घेतलं. मशीनने नकार दिला. ‘हे अडकवून ठेवलेलं आहे,’ म्हणालं. दुसरं घेतलं, तेही अडकवलेलं. लिब-सीला तर हात लावू देईना. वहिनींनी बॅकअपला फोन लावला. त्याने अडकवलेल्यांची यादी कशी काढायची ते सांगितलं आणि त्यांनी ती वाचून दाखवली.

“ज्याच्या ज्याच्याविना मशीन पडेल ते सगळं एकेक करून जागच्या जागी खिळवलंय,” बॅकअप म्हणाला. “चव्वेचाळीस. एकही चुकलेलं नाही, एकही जास्तीचं नाही. मला पुस्तक उघडून बसावं लागलं असतं. कोणी केलं हे?”

“आणि काय काय मोकळं आहे?”

“कॅल्क्युलेटर. पत्ते. अक्षरांचे साचे. असलीच चिल्लर. म्हणजे, वहिनी...”

“ठेवते हं फोन,” वहिनी म्हणाल्या.

मग डोळे पुसून त्यांनी कॅल्क्युलेटर मागे नेला. आज तेवढंच. जास्त करायचा धीर झाला नाही.

चार वाजता साहेब आले, चष्मा कपाळावर चढवला, कमांड दिली. एक ओळ आली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, खालचा प्रश्न वाचला आणि हो म्हटलं. दोन मिनिटांत आटोपलं. त्यांनी हात झटकले नाहीत. खुर्ची थोडी वळवून वहिनींकडे पाहिलं.

“उद्या दोन-तीन ठेव गं,” ते म्हणाले. “एकात जीव रमत नाही.”